पुढच्या वेळी कोण बांधणार?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते मला हस्तव्यवसाय शिकवायला होते. पाचवीला टकळी, सहावीला कागदाच्या लगद्याची भांडी आणि सातवीला थोडं सुतारकाम. आम्ही फळीला रंधा मारून झाला की गुरुजी डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवायचे. बोट जिथे अडेल तिथे पेन्सिलीची एक खूण करायचे आणि फळी परत द्यायचे. बोलायचे काही नाहीत. आज जपानबद्दल बोलायचं ठरवलं, त्यात या बोटाचा वाटा आहे. तो कसा, ते पुढे सांगतो.

माझी भाची गेली नऊ वर्षं टोकियोत राहते, निशी-कासाई भागात. हा भाग एदोगावा वॉर्डात येतो. भारतीयांची ही जपानमधली सर्वांत ओळखीची वस्ती. योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ २०१९ साली याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. भाचीच्या आग्रहाने मी तिच्याकडे पाच आठवडे राहिलो आणि त्यातले तीन आठवडे आगगाडीने फिरलो.

जपानला जाऊन आलेला प्रवासी एक वाक्य हमखास सांगतो: तिथे जुनं आणि नवं शेजारी शेजारी नांदतं. मीही ते वाक्य ऐकूनच गेलो होतो आणि पहिले आठ दिवस मला ते जागोजागी खरं होताना दिसलं. ताशी २१० किलोमीटर वेगाने धावणारी शिनकानसेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. आज ती त्याहून कितीतरी वेगाने जाते आणि एवढ्या वर्षांत टक्कर होऊन किंवा रुळांवरून घसरून तिच्यातला एकही प्रवासी दगावलेला नाही. त्याच देशातलं सरकार आपल्या नियमांतली फ्लॉपी डिस्कची अट २०२४ साली काढून टाकतं. भाची सॉफ्टवेअर लिहिते, पण तिच्या पर्समध्ये नावाचा लाकडी शिक्का असतो. त्याला हान्को म्हणतात. "मामा, करोनात सगळं घरून चालू होतं. तरी आमच्याकडची माणसं फक्त हा शिक्का मारायला गाडीत बसून ऑफिसात जायची," असं ती सांगत होती.

आणखीही पाहिलं. नव्या कारखान्याची जागा असो की उंच इमारतीची, पाया खणण्याआधी तिथे शिंतो पुजारी येतो, चार कोपऱ्यांना बांबू रोवून दोरी बांधतो आणि भूमीची परवानगी मागतो. आपल्या भूमिपूजनाची आठवण होणारच. ८ फेब्रुवारीला टोकियोत मोडक्या सुयांचा विधी असतो. वर्षभर राबलेली सुई शेवटी मऊ जागी विसावावी म्हणून ती तोफूत खोचतात. खंडेनवमीला आपण हत्याराला हळद-कुंकू वाहतो ते कामावर असलेल्या हत्याराला. निवृत्त झालेल्या हत्याराचा निरोप मी प्रथमच पाहिला. चिबा प्रांतातल्या इसुमी गावच्या एका बौद्ध मंदिरात तर बंद पडलेल्या आयबो नावाच्या यंत्रकुत्र्यांसाठी प्रार्थना झाल्या आहेत. त्यांची दुरुस्ती कंपनीने २०१४ साली थांबवली होती. माणसांना त्यांचा लळा लागला होता, तेव्हा मंत्र म्हणणं ओघानेच आलं.

पण 'शेजारी शेजारी' हे वाक्य टोकियोतच एका पुलावर माझ्या मनातून उतरलं. त्या पुलाचं नाव निहोनबाशी. जपानमधल्या रस्त्यांची अंतरं इथून मोजतात. आजचा दगडी पूल १९११ सालचा, दिव्यांच्या खांबांवर पंख असलेले काशाचे काल्पनिक प्राणी. मी मान वर केली तर आकाश नाही. डोक्यावर मोटारींचा उन्नत रस्ता, त्याचे राखाडी खांब थेट नदीत उतरलेले. १९६४च्या ऑलिंपिकआधी घाईघाईने रस्ते हवे होते आणि नदीवरची जागा कुणाकडून विकत घ्यावी लागत नव्हती. म्हणून १९६३ साली देशाच्या शून्य मैलावर हा कायमचा काळोख आला. हे नांदणं नव्हे. एकाने दुसऱ्याच्या अंगणात भिंत घातली आहे. आता तोच रस्ता जमिनीखालून नेण्याचं काम चालू आहे आणि वरचा सांगाडा २०४०पर्यंत निघायचा आहे. एका पिढीने घाईत केलेली गोष्ट निस्तरायला पाऊणशे वर्षं लागणार. पुण्या-मुंबईत नदीवर किंवा जुन्या चौकावर उड्डाणपूल टाकताना ज्यांच्या सह्या लागतात, त्यांनी या पुलावर दहा मिनिटं उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

तिथून पुढे मी वाक्य सोडून दिलं आणि एकच प्रश्न घेऊन फिरलो. जे जुनं खरोखर टिकलं आहे, ते कशामुळे टिकलं?

क्योटोत एका जुन्या घराची दुरुस्ती चालू होती. रस्त्याला अरुंद तोंड आणि आत खोलवर गेलेलं असं ते लाकडी घर. क्योटोचं वैभव असलेली ही घरं, माचिया, झपाट्याने पडताहेत. २०१६च्या पाहणीत ती सुमारे ४० हजार उरली होती आणि त्याआधीच्या सात वर्षांत पाच हजारांहून अधिक गेली होती. शहराने २००७ साली इमारतींच्या उंचीवर कडक मर्यादा घातल्या, मध्यभागात ४५ मीटरवरून ३१ मीटरवर आणल्या, तरी घरं पडायची थांबली नाहीत. त्या घरात साठीचा एक सुतार काम करत होता. आपला सुतार रंधा पुढे ढकलतो, तो स्वतःकडे ओढतो. करवतही ओढतानाच कापते. खालून कुजलेल्या खांबाचा तेवढाच भाग कापून त्याने नवं लाकूड जोडलं होतं. एका तुकड्याला खाच, दुसऱ्याला तिच्यात नेमकी बसणारी जीभ, खिळा कुठे नाही. जोड बसल्यावर त्याने डोळे मिटले आणि त्यावरून बोट फिरवलं.

मी गुरुजींना पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मी इसेला गेलो. इसे हे जपानचं सर्वांत पवित्र तीर्थ, सूर्यदेवता आमातेरासूचं स्थान. इसुझू नदीवरचा शंभर मीटरांचा लाकडी उजी पूल ओलांडायचा, नदीकाठी हात धुवायचे, उंच सुरूंच्या जातीच्या वृक्षांमधून रेवाळ वाट चालायची. शेवटी दगडी पायऱ्या येतात. तिथून पुढे फोटो काढायला मनाई. एकामागे एक कुंपणं, आणि त्यांच्यावरून गवताने शाकारलेल्या छपराचा फक्त वरचा भाग दिसतो. गाभारा सामान्य यात्रेकरूला दिसत नाही. पंढरपुरात विठोबाच्या पायांवर डोकं टेकवणाऱ्या मराठी माणसाला हे अंतर जाणवतं, मलाही जाणवलं. पण मला जास्त खिळवून ठेवलं ते शेजारच्या जागेने. मंदिराला लागून तेवढाच एक मोकळा चौक आहे. पांढऱ्या-काळ्या गोट्यांनी भरलेला, मधोमध एवढंसं लाकडी खोपटं. बाकी काही नाही. पुढचं मंदिर तिथे उभं राहणार आहे.

दर वीस वर्षांनी इसेचं देऊळ शेजारच्या जागेवर जसंच्या तसं नवं बांधतात, देवता एका रात्री तिथे नेतात आणि जुनं उतरवतात. पहिल्यांदा हे झालं ६९० साली, सम्राज्ञी जितोच्या काळात. २०१३ साली झालं ते बासष्टावं. लागतात हिनोकी जातीची दहा हजारांहून अधिक लाकडं. देवाची वस्त्रं, तलवारी, आरसे, खोगिरं असे दीड हजारांवर जिन्नसही त्या त्या कारागिरांकडून नव्याने करवून घेतात. नदीवरचा पूलही बदलतात, मात्र चार वर्षं आधी. त्याचं कारण युद्ध आहे. १९४९ साली व्हायचं मंदिराचं काम पराभवानंतरच्या हलाखीत पुढे ढकललं गेलं आणि १९५३ साली झालं. पण पूल गावकऱ्यांनी १९४९लाच बांधून घेतला. तेव्हा पडलेलं अंतर तसंच राहिलं.

वीसच वर्षं का? खांब दगडी पायावर न ठेवता थेट जमिनीत पुरतात आणि छप्पर गवताचं असतं, त्याचं आयुष्य तेवढंच, हे एक कारण सांगतात. दुसरं कारण मला अधिक पटलं. विशीतला मुलगा पहिल्या वेळी हाताखाली काम करतो, चाळिशीत तो स्वतः बांधतो, साठीत तो दुसऱ्यांकडून बांधून घेतो. प्रत्येक वेळी तिन्ही पिढ्या एका मांडवात असतात. काळ पन्नास वर्षांचा असता तर शिकणारा आणि शिकवणारा एकमेकांना भेटलेच नसते.

वाया काही जात नाही. जुन्या देवळाच्या मुख्य खांबांपासून उजी पुलाच्या दोन टोकांच्या कमानी होतात. वीस वर्षांनी त्या कमानी कुवाना आणि सेकी या यात्रामार्गावरच्या ठिकाणी जातात आणि तिथेही वीस वर्षं उभ्या राहतात. आणि लाकडाची चिंता? जुनी जंगलं संपत आल्यावर १९२३ साली देवस्थानाने स्वतःच्या डोंगरात हिनोकी लावायची दोनशे वर्षांची योजना आखली. ज्यांनी ती रोपं लावली, त्यांतल्या कुणीही त्या झाडाचा खांब झालेला पाहिला नाही, पाहणार नव्हते हे त्यांना ठाऊक होतं. त्या वाटेवर मला हेवा वाटला तो या गोष्टीचा.

ही साखळी कधी तुटलीच नाही असं मात्र नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या यादवीत इसेच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही मंदिरांचं नवं बांधकाम एकशे वीसहून अधिक वर्षं झालं नाही. छपरं गळत होती. तेव्हा सेइजुन नावाची एक बौद्ध भिक्षुणी गावोगाव फिरली, वर्गणी जमवली आणि १५६३ साली बाहेरचं मंदिर उभं राहिलं. देऊळ शिंतोंचं, त्यासाठी पदर पसरणारी बाई बौद्ध. अखंड परंपरा म्हणून जिचा गौरव होतो, ती बहुतेक वेळा अशा कुणीतरी पुन्हा जोडलेली असते.

आपल्या देशात याचं सख्खं उदाहरण पुरीला आहे. जगन्नाथाची काष्ठमूर्ती ठरावीक वर्षांनी नवी घडवतात, अलीकडे २०१५ साली घडवली. पण त्याहून जवळचं उदाहरण आपल्या देव्हाऱ्यातच आहे आणि माझ्या ते इसेच्या गोट्यांसमोर उभं राहिल्यावर लक्षात आलं. आपण गणपती विसर्जित करतो. दरवर्षी मूर्ती पाण्यात जाते, म्हणून दरवर्षी नवी लागते, म्हणून पेणच्या घरांमध्ये मुलगा बापाशेजारी बसून डोळ्यांची आखणी शिकतो. मूर्ती कायमची ठेवायची रीत असती तर पेणला आज एखादं संग्रहालय असतं आणि आखणी करणारा हात नसता. मग प्लास्टर आलं. साच्यातून मूर्ती भराभर निघू लागल्या आणि शाडूची माती हाताने घडवणाऱ्यांची गरज कमी झाली. नदीतल्या प्रदूषणावर आपण बोलतो, ते बोलायलाच हवं. कमी होत चाललेल्या त्या हातांबद्दलही बोलायला हवं.

आता नाराजवळच्या होर्यूजीबद्दल सांगतो. हा या व्याख्यानाचा मला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग आहे, कारण त्याचं एक टोक आपल्या वाघूर नदीच्या घळीत आहे.

होर्यूजीचा मठ ६०७ सालचा. ६७० साली तो जळला आणि पुन्हा बांधला गेला. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींमध्ये त्याची गणना होते. त्याच्या सुवर्णमंडपातल्या बारा भिंतींवर बुद्ध आणि बोधिसत्त्वांची चित्रं होती आणि त्यांची तुलना जाणकार नेहमी वाघूरकाठच्या अजिंठ्याशी करत आले. भुवयांची तीच कमान, बोटांची तीच लवचिक वळणं. मधे सगळा मध्य आशिया आणि चीन आहे, तरी नातं ओळखू येतं. आराई कान्पो नावाचा जपानी चित्रकार रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९१६ साली भारतात आला आणि पुढे अजिंठ्याला जाऊन त्याने तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. लेण्यांतल्या अंधारात, वटवाघळांच्या वासात, महिनोन् महिने. त्या प्रतिकृती टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या गेल्या आणि १९२३च्या महाभूकंपात लागलेल्या आगीत गेल्या.

अजिंठ्याच्या प्रतिकृतींच्या कपाळी आगच लिहिलेली असावी. मेजर रॉबर्ट गिलने १८४४पासून वर्षानुवर्षं खपून केलेली चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा केलेल्या चित्रांपैकी कितीतरी १८८५ साली लंडनमध्येच जळली. तिसरी आग टोकियोची.

१९४० साली होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायचं काम निघालं, तेव्हा चित्रकारांमध्ये आराई कान्पो होता. अजिंठ्यात बसलेला हात आता होर्यूजीच्या भिंतीसमोर बसला. १९४५ साली तो वारला, काम पुढे चालू राहिलं. आणि २६ जानेवारी १९४९च्या पहाटे सुवर्णमंडपाला आग लागली. मंडपात चित्रकारांसाठी थंडीपासून बचावाला विजेची साधनं होती, त्यांच्यावर संशय घेतला जातो. चित्रांची नक्कल करण्याच्या कामातच मूळ चित्रं जळाली. छताजवळच्या उडत्या अप्सरांची लहान चित्रं तेवढी वाचली, कारण दुरुस्तीसाठी ती आधीच काढून ठेवली होती. करपलेल्या भिंती आणि काळे पडलेले खांब मठाने फेकले नाहीत. एका कोठारात ते तसेच उभे करून ठेवले आहेत.

आज मंडपात आपल्याला दिसतात त्या नव्या प्रतिकृती, १९६८ साली पूर्ण झालेल्या. त्या शक्य झाल्या १९३५ साली घेतलेल्या छायाचित्रांमुळे. क्योटोच्या छापखान्यातल्या लोकांनी काचेच्या पट्ट्यांवर भिंत तुकड्यातुकड्याने मूळ आकारात टिपली होती. म्हणजे विजेच्या उपकरणाने जे नेलं असा संशय आहे, ते कॅमेऱ्याने परत आणायला मदत केली. कॅमेऱ्याबरोबर कुंचला चालवणारे हात मात्र लागले. ते नसते तर काचेवरच्या करड्या छायेशिवाय हाती काही आलं नसतं.

या आगीचा हिशेब देशाने गंभीरपणे मांडला. १९५० साली सांस्कृतिक ठेव्याच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये क्योटोचा सुवर्णमंडप, किन्काकुजी, एका तरुण भिक्षूने पेटवला. या कायद्यात इमारती आणि मूर्तींबरोबर कौशल्यालाही ठेवा मानलं होतं. पुढे विणकर, कुंभार, नाट्यकलावंत यांना व्यक्ती म्हणून सरकारी मान्यता मिळू लागली. लोक त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणतात. त्यांना वर्षाला वीस लाख येन मिळतात, ते विद्या पुढे देण्यासाठी. १९७५ साली आणखी एक पाऊल पुढे पडलं. छपरासाठी हिनोकीची साल काढणारे, लाख गोळा करणारे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीला लागणारं काम करणारे, यांच्या कौशल्यालाही संरक्षण मिळालं. २६ जानेवारीला आपण प्रजासत्ताक दिन साजरा करतो, त्या दिवशी जपानभरच्या देवळांमध्ये पाण्याचे फवारे उडवून आग विझवण्याचा सराव होतो.

हे सगळं सांगताना मी जपानचं स्तोत्र म्हणतोय असं कुणाला वाटू नये. २०१८ साली माइझुरु शहरात कुस्तीच्या रिंगणात भाषण करताना महापौर कोसळले. परिचारिकांसह काही स्त्रिया धावत रिंगणात गेल्या आणि त्यांच्यावर उपचार करू लागल्या. ध्वनिक्षेपकावरून त्यांना बाहेर जायला सांगण्यात आलं, कारण सुमोच्या रिंगणात बाईने पाऊल ठेवायचं नाही असा दंडक आहे. पुढे सुमो संघटनेच्या अध्यक्षांनी माफी मागितली, दंडक तसाच आहे. आपल्याकडे शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावं यासाठी २०१६पर्यंत भांडावं लागलं, तेव्हा मला दुसऱ्याच्या रिंगणाकडे बोट दाखवायचा हक्क पोहोचत नाही. पण मत सांगण्याचा पोहोचतो. माणसाचा जीव वाचवणाऱ्या हाताला जी रीत अडवते, ती पुढच्या पिढीला द्यायची गरज नाही. परंपरा पुन्हा पुन्हा घडवायची असेल तर प्रत्येक खेपेला काय सोडून द्यायचं, हेही ठरवायला हवं.

आणि ज्यांच्यासाठी जपायचं ती माणसंच कमी होताहेत. २०२४ साली जपानमध्ये सात लाखांपेक्षा कमी मुलं जन्मली. रिकाम्या घरांची संख्या २०२३च्या मोजणीत नव्वद लाखांच्या आसपास होती. क्योटोच्या त्या सुताराला मी दुभाष्या मुलीमार्फत विचारलं, हाताखाली कोण आहे? त्याने दोन बोटं वर केली, मग एक खाली केलं. एक मुलगा गावी परत गेला होता. ज्या देशाने कायदा केला, पैसे दिले, झाडं लावली, तिथेही हा प्रश्न सुटलेला नाही.

आपल्या या गावात वाडे होते. कडीपाट, सुरूचे खांब, तुळया. मी शाळेत असताना असे चौदा वाडे मोजले होते, आज दोन उभे आहेत. त्यांची तक्रार घेऊन मी इथे आलेलो नाही. वाड्यात राहणाऱ्यांचे हाल मला माहीत आहेत, एका संडासापुढे सात बिऱ्हाडं रांगेत उभी असत. पडायचे ते वाडे पडतील. पण त्या तुळईचा जोड उतरवून पुन्हा बसवू शकेल असा एक सुतार आपल्या पेठेत अजून आहे. वय बाहत्तर. गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांचा नातू फर्निचरच्या दुकानात प्लायवूड कापतो. आजोबांचं काम त्याला आवडतं, पण त्यावर घर चालत नाही, असं त्याने मला सरळ सांगितलं आणि त्याचं बरोबर आहे.

म्हणून या व्याख्यानमालेच्या समितीपुढे माझी एक विनंती आहे. गुरुजींच्या नावाने जमलेल्या निधीच्या व्याजातून दोन मुलांना दोन वर्षं दरमहा विद्यावेतन द्या आणि त्यांना त्या सुतारांच्या हाताखाली ठेवा. उरलेल्या दोन वाड्यांपैकी एकाच्या मालकांशी मी बोललो आहे. आपल्या ओसरीची दुरुस्ती शिकवणीसाठी खुली ठेवायला ते तयार आहेत. आजच्या व्याख्यानाचं मानधन मी या कामासाठी समितीकडे परत देत आहे.

इसेच्या पुढच्या मंदिराचे विधी मे २०२५मध्ये सुरू झाले, जूनमध्ये किसोच्या डोंगरात पहिली झाडं पाडली गेली. देवता नव्या घरी जाईल २०३३ साली. आपले सुतार तेव्हा ऐंशीच्या घरात असतील.